तीन कापलेले शेवट

मालूताई घैसास खुनाबद्दल बोलायला लागल्या की त्यांच्या समोरचा चहा हमखास गार होत असे. गार झालेला चहा त्या एका दमात संपवायच्या, कप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अच्छा, तर प्रेत कुठं सोडलं होतं आपण?" दिसायला अगदी सोज्वळ. इस्त्रीची सुती साडी, पांढरा अंबाडा, मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली एखादा विषप्रयोग ठेवून स्कूटीवरून शांतपणे घरी जाताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या वरच्या मजल्यावर वाचनालयाच्या दोन खोल्या आहेत. जबलपुरात मराठी वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले. आमच्या मुलांना आजीचं बोलणं समजतं, पण उत्तर ती हिंदीत देतात. त्यामुळे सहा कपाटांपैकी पाच बहुतेक बंदच असत. सहावं मालूताईंचं. त्यात फक्त रहस्यकथा, त्याही छोट्या. कादंबरी त्यांना चालत नसे. "कादंबरीत लेखकाला लपायला फार जागा असते," त्या म्हणायच्या. "कथेत वीस पानं मिळतात. तेवढ्यात माणसं, त्यांची भांडणं, प्रेत, पुरावा, सगळं बसवायचं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं. मग तो आंधळा निघाला तर लेखक काय करेल?"

दुपारी सुरू झालेली कथा दिवेलागणीच्या आत संपते आणि सगळ्या गाठी समोर सुटतात, याचं त्यांना फार सुख होतं. "आपल्या आयुष्यात असं काय एका दुपारी संपतं, सांग बरं," असं त्या मला विचारायच्या. मी विम्याच्या ऑफिसात दावे तपासते. माझ्याकडे तर वर्षानुवर्षं काहीच संपत नाही, म्हणून मला ते पटायचं.

त्यांच्या कपाटाचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्या वाचनालयात पाहिला नाही. प्रत्येक कथेची शेवटची दोन पानं त्या कागदाच्या पट्टीनं बंद करून ठेवायच्या. कणकेची खळ स्वतः शिजवायच्या, पट्टी चिकटवून वर सही करायच्या. पुस्तक घरी नेणाऱ्यानं पट्टीपर्यंत वाचायचं, गुन्हेगाराचं नाव आणि कारणं चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी वाचनालयातल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची, आणि मगच पट्टी फोडायची. शनिवारी दुपारी आम्ही सहा-सात जण जमायचो, तेव्हा त्या स्वतः मोठ्यानं वाचायच्या आणि पट्टीपाशी थांबायच्या. आम्ही कागदावर डोकं खुपसून बसलो की त्या खिडकीतून बाहेर बघत राहायच्या, म्हणजे आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळू नये. कोणी नुसतंच "मला तो जावई बरा नाही वाटत" म्हणालं तर लगेच ऐकवायच्या, "वाटण्याचं काही नको. पुरावा सांगा."

ही सवय वाचनालयापुरती राहिली नव्हती. एका गणपतीत प्रसादाच्या डब्यातून रोज पेढे कमी व्हायला लागले. सगळ्यांनी मंडळाच्या चौकीदारावर आळ घेतला. मालूताईंनी कोणाला न सांगता डब्याच्या कडेला पोटॅशियम परमँगनेटची चिमूटभर पूड लावली आणि संध्याकाळी आरतीला समस्त कार्यकारिणीला टाळ्या वाजवायला पुढं उभं केलं. कोषाध्यक्षांची दोन बोटं जांभळी होती. मालूताईंनी त्यांचा हात धरून सर्वांना दाखवला. हॉल इतका हसला की आरती पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली. चौकीदार वाचला, हे खरंच. पण मला त्या दिवशी दिसला तो मालूताईंचा चेहरा. सगळे एका खोलीत आहेत, सगळ्यांचे डोळे आपल्याकडे आहेत आणि उत्तर फक्त आपल्याला माहीत आहे, या क्षणाची त्यांना किती भूक आहे ते दिसलं. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं.

आमच्या शनिवारच्या बैठकीत रामटेके नावाचे एक गृहस्थ यायचे. रिछाईतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. वडील भंडाऱ्याकडून इकडे आलेले, बौद्ध कुटुंब, शिक्षण दहावीपर्यंत. आमच्या मंडळात आडनाव बघून कोणी खुर्ची देत नाही, असं आम्ही सगळे अभिमानानं सांगतो, पण रामटेके दाराजवळच्या खुर्चीवरच बसायचे आणि कोणी त्यांना आत सरका म्हटल्याचं मला आठवत नाही. बोलणं कमी. चिठ्ठी मात्र सगळ्यांत आधी लिहून व्हायची.

एका कथेत एका म्हाताऱ्याला दुधातून विष दिलेलं असतं. मालूताई रंगात आल्या होत्या, त्यांच्याच विषयातलं विष होतं. आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकिणीचं नाव लिहिलं. रामटेक्यांनी पुतण्याचं. कारण विचारलं तर म्हणाले, "तो म्हणतो, थंडीत बाहेरून आलो आन् उकळत्या दुधाच्या पातेल्यावर वाकून पाहिलं. चष्मेवाला माणूस आहे न तो? चष्म्यावर वाफ धरली पाहिजे. ह्यानं तर लगेच भिंतीवरच्या घड्याळातली वेळ वाचली. म्हणजे दूध गरम नव्हतंच तेव्हा." मग जरा संकोचून म्हणाले, "मी फॅक्टरीत दिवसभर चष्मा पुसून राहतो मॅडम, म्हणून लक्षात आलं." पट्टी फोडली तर हेच उत्तर, याच कारणासह. मालूताईंनी टाळी दिली, त्यांच्यासाठी वेगळा चहा मागवला. पण नंतर बराच वेळ त्या तेच पान उलटसुलट करत होत्या. ती कथा त्यांनी आधी निदान चारदा वाचलेली होती, आणि पहिल्या वेळी त्यांनीही स्वयंपाकिणीचंच नाव लिहिलं होतं. हे त्यांनीच मला जिना उतरताना सांगितलं.

पुढं दीड-दोन वर्षं रामटेक्यांचं उत्तर क्वचितच चुकलं. मालूताईंना त्याचा आनंद होता, तो खोटा नव्हता. अवघड कथा त्या खास त्यांच्यासाठी शोधून आणायच्या. पण तो आनंद कधी आंबायला लागला ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. "काहून चुकत नाही हा माणूस?" असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा मी हसले होते.

मग ती दिवाळी आली. मालूताईंना डेंग्यू झाला, बारा दिवस दवाखान्यात होत्या, ताप डोक्यात गेलेला. कोण भेटायला आलं, कोण गेलं, काही आठवत नव्हतं त्यांना. बऱ्या होऊन आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांनी जुन्या मासिकांतल्या कथांचा एक बांधीव खंड उघडला, आणि त्यातल्या तीन कथांची शेवटची पानं नव्हती. ब्लेडनं, बांधणीच्या अगदी कडेशी, सरळ कापलेली. त्यांनी पुस्तक मिटलं, तासभर काही वाचलंच नाही आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांनी यायचंच असं बजावून सांगितलं.

पुढच्या शनिवारी सगळे आले. मालूताई टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरुवात केली. खंड गेल्या तीन महिन्यांत दोघांकडेच गेला होता, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या वझेकाकांकडे आणि रामटेक्यांकडे. वझेकाकांचा हात कापतो, त्यांना सही धड करता येत नाही, हा काप तर फूटपट्टी लावून केल्यासारखा. म्हणजे हात सराईत, रोज बारीक मापात काम करणारा. मग कारण. ज्याचं उत्तर कधी चुकत नाही, त्यानं शेवट आधी पाहिलेला असतो. पट्ट्या वाफेवर धरून सोडवायच्या, वाचायचं, पुन्हा चिकटवायच्या. या तीन ठिकाणी पान फाटलं, म्हणून पानंच काढून टाकली. एकेक दुवा जोडत, कुठं आवाज न चढवता, त्या वीस मिनिटं बोलल्या. नाव सर्वात शेवटी घेतलं.

मला ते ऐकताना मजा आली, हे इथं लिहिलंच पाहिजे. आम्ही सगळे खुर्चीत पुढं सरकून ऐकत होतो. वझेकाकांनी तर मान डोलावून "वा" म्हटलं. रामटेके तिथंच दाराजवळ बसले आहेत, त्यांना घाम फुटला आहे, हे मी पाहिलं ते नाव आल्यानंतर. ते उठले, खिशातलं वाचनालयाचं कार्ड टेबलावर ठेवलं, खुर्ची नीट आत सरकवली आणि जिना उतरून गेले. त्यांच्यामागं कोणी गेलं नाही. मीही गेले नाही.

आठवडाभरात ते सगळीकडे पसरलं. कारखान्यातले दोन मराठी सहकारी त्यांना "पानं कापणारा" म्हणून चिडवायचे, कॉलेजात त्यांच्या मुलीला कोणीतरी विचारलं. हे मला उशिरा कळलं. बैठक त्यानंतर फार टिकली नाही. कथांची उत्तरं येईनात, वझेकाका मुलाकडे पुण्याला गेले, कोणाचे गुडघे धरले, आणि वर्षाच्या आत शनिवार बंद पडला.

पाच वर्षांनी एका सकाळी मालूताईंचा फोन आला. "सुनंदा, ऑफिस राहू दे. ये." मी गेले तर त्या पलंगाखालची ट्रंक उघडून जमिनीवर बसलेल्या. शाळेच्या जुन्या वह्यांमध्ये एक पिवळा लिफाफा सापडला होता. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'तीन शेवट काढून ठेवले. रामटेके न पाहता सांगतात का, बघायचं.' खाली दिवाळीच्या आठ दिवस आधीची तारीख, म्हणजे तापाच्या अगदी तोंडावरची; तापानं तेही दिवस पुसून टाकले होते. आत ती सहाही पानं.

आम्ही तशाच वाचनालयात गेलो. बिस्किटाच्या डब्याचं झाकण गंजून बसलं होतं, ते मी चमच्यानं उघडलं. त्या तीन कथा बैठकीत कधी वाचल्याच गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्याही कोणी काढल्या नव्हत्या. रामटेक्यांच्या बारीक, उभट अक्षरातल्या तीन चिठ्ठ्या घडी करून तळाशी पडलेल्या. मालूताईंनी एकेक चिठ्ठी उघडून लिफाफ्यातल्या पानांशी ताडून पाहिली. तिन्ही उत्तरं बरोबर होती. तिसरीत तर त्यांनी एक कारण असं लिहिलं होतं की जे खुद्द लेखकालाही सुचलेलं नव्हतं.

"मीच परीक्षा लावली," मालूताई म्हणाल्या. "तो पास झाला. आन् मी त्याला चोर ठरवलं." मग त्या रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि काय करावं ते न कळून मी डब्याचं झाकण लावत बसले.

रामटेके निवृत्त होऊन जबलपूरजवळच्या पाटणला मुलीकडे राहत होते. मुलगी, प्रज्ञा, तिथं शाळेत शिकवते. थंडीचे दिवस होते, सगळ्या रस्त्यानं मटाराची पोती भरलेल्या गाड्या. आम्ही पोचलो तेव्हा रामटेके अंगणात खाटेवर बसून मटार सोलत होते. ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. मालूताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, लिफाफा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"मला माहीत होतं मॅडम," ते म्हणाले. "पुस्तक घरी नेलं तेव्हाच शेवट नव्हते त्यात. मी समजलो, मॅडम पाहून राहिल्या आपल्याला. मजा वाटली. तीन रात्री डोकं लावलं."

"मग त्या दिवशी बोलले काहून नाही तुम्ही?"

रामटेक्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. "तुम्ही नुकत्याच दवाखान्यातून आल्या होत्या. चार लोकांत कसं म्हणू, की तुम्ही विसरल्या? आन् तुम्ही विचारलं कुठं मला? तुम्ही तर सांगून राहिल्या होत्या."

प्रज्ञानं चहा आणला. मालूताईंनी तो गरम असतानाच प्यायला. त्या म्हणाल्या, मी काय करू ते सांगा. रामटेके म्हणाले, "माझ्याजवळ सांगून काय होते? मला तर माहीतच आहे. जिथं बोलल्या, तिथं सांगा. मी नाही येणार. झालं की फोन करा फक्त." पुस्तकांचं विचारलं तर म्हणाले, "सुटलं ते. दोन पानं वाचली की वाटते, हा लेखक आता कोणाच्या मागं लागते." यात टोमणा नव्हता. पुन्हा एकदा ते म्हणाले, "फोन करा मात्र."

तिथून परतताना मी मालूताईंना म्हटलं, येत्या शनिवारी जे आहेत त्यांना बोलावू. तर त्या म्हणाल्या, "नाही. तेव्हाचे सगळे पाहिजेत. एकही कमी नको." वझेकाका पुण्यात होते, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते पाडव्यानंतर येणार म्हणाले. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल लावू. मालूताईंना ते मान्य नव्हतं. सगळे समोर हवेत, त्याच खोलीत, त्याच टेबलाभोवती. त्यांनी काय बोलायचं ते लिहून काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. काय आधी सांगायचं, नाव कुठं घ्यायचं, याची जुळवाजुळव करत त्या बसायच्या. मला एकदा वाटलं की सांगावं, ताई, तुम्ही पुन्हा कथा रचताय. मी सांगितलं नाही. त्यांचं वय, त्यांची तब्येत, हे सगळं मला गप्प राहायला पुरलं.

पाडवा झाला. वझेकाकांचं तिकीट दोनदा बदललं. एप्रिलच्या शेवटी प्रज्ञाचा मेसेज आला. बाबा सकाळी अंगणात पडले, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. मी मालूताईंना वाचून दाखवला. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला, आणि विचारलं, "वझे कधी येणार आहेत?" मला त्यांचा राग आला. खरंच राग आला.

मे महिन्यात, एका शनिवारी, सगळे जमले. तेव्हाच्यातले जिवंत असलेले पाच. प्रज्ञाला मी कळवलं होतं, ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. मालूताई टेबलाशी उभ्या राहिल्या. लिहून आणलेले कागद त्यांनी उघडले आणि तसेच मिटले. काही जुळवाजुळव केली नाही. पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "ती पानं मी कापली होती." मग लिफाफा, चिठ्ठ्या, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "कारण विचाराल. रामटेकेजी माझ्यापेक्षा चांगले वाचक होते. लेथवर काम करणारा, दहावी शिकलेला माणूस माझ्यापेक्षा चांगला वाचतो, हे मला सहन झालं नाही. मला चोर पाहिजे होता, म्हणून तो सापडला."

वझेकाका थोडे पुढं वाकून म्हणाले, "कोण हो रामटेके? तो रिछाईचा?" दुसऱ्या कोणीतरी, "जाऊ द्या ताई, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसल्या," असं म्हणत पोह्यांच्या बशा सरकवल्या. पाच वर्षांपूर्वीचे ते आरोप मात्र एकेकाला तपशिलासह आठवत होते.

प्रज्ञा उठून टेबलाजवळ आली. तिची मराठी अडखळत येते. "मॅडम, बाबा दर शनिवारी फोन चार्ज करून जवळ ठेवून बसायचे. मी विचारलं, काहून? तर म्हणत, आज मॅडमचा फोन येईल." मग ती म्हणाली, "जानेवारीपासून. एक भी शनिवार नहीं छोड़ा." त्यात तक्रार नव्हती. तिला पाटणची शेवटची बस धरायची होती.

मालूताई पुढच्या आठवड्यात भाचीकडे नागपूरला गेल्या आणि पावसाळ्यात तिथंच वारल्या. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या दुपारी, प्रज्ञाला स्टँडवर सोडायला मी निघाले तेव्हा. दारातून वळून पाहिलं तर बाकीचे पोहे खात कोणाच्या तरी नातवाच्या लग्नाबद्दल बोलत होते. मालूताई टेबलाशी उभ्याच होत्या, एकेकाच्या तोंडाकडे पाहत. कोणीतरी काहीतरी विचारेल याची त्या वाट बघत होत्या. कोणी काही विचारलं नाही.